कोपऱ्यातली

मस्तगड हे नाव ऐकलं की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे मला पाठ झालं आहे. बुरूज, तोफा, भगवा झेंडा आणि पायथ्याशी पिठलं-भाकरीचं हॉटेल. प्रत्यक्षात आमचं मस्तगड म्हणजे जालना शहरातली भरवस्ती. गढी आहे, नाही असं नाही. निजाम घराण्याच्या मूळ पुरुषाच्या, म्हणजे असफजाहाच्या हुकुमावरून काबिलखानानं ती १७२५ साली बांधली, तसा फारसी शिलालेखही आहे. पुढे त्या गढीत नगरपालिकेची कार्यालयं भरू लागली, असं गॅझेटियर सांगतं. ज्या जागी शत्रू आत येऊ नये म्हणून तट बांधला, तिथं लोकांनी आपण होऊन आत यावं आणि घरपट्टी भरावी, एवढा फरक अडीचशे वर्षांत पडला. इतिहास म्हणतात तो हाच.

पण मला सांगायचा आहे तो गढीचा इतिहास नाही. तो आमच्या घरातल्या मोरीशेजारच्या कोपऱ्याचा आहे. त्या कोपऱ्यात एक रांजण होता आणि रांजणाला टेकून एक कुंडी होती. कुंडी म्हणजे तळाला भोकं पाडलेला वनस्पती तुपाचा डबा. त्यात गोल गोल, मेण लावल्यासारखी चकचकीत, वरून हिरवी आणि खालून लालभडक पानं असलेलं एक झाड होतं. थंडी सरता सरता त्याला लांब दांड्यावर फिकट गुलाबी फुलांचे झुपके येत. आई त्याला ‘कोपऱ्यातली’ म्हणायची. “कोपऱ्यातलीला पाणी घातलंस का रे?” हा प्रश्न मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. त्या झाडाला याहून वेगळं नाव असेल अशी शंका मला वयाच्या चाळिशीपर्यंत आली नाही. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध भाजी मंडईपुरता.

आई चिपळूणची. जालन्यात वर्षाला पडतो साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. चिपळुणात त्याच्या चार-पाच पट. अशा मुलीला जालन्यात देणं म्हणजे मासोळीला वाळवणात घालणं, असं माझी आजी म्हणे. आई लग्न होऊन आली तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. म्हणजे घराचा उंबरा न ओलांडता आईचा जिल्हा बदलला. बदलीचा भत्ता मात्र मिळाला नाही, असं वडील म्हणत. पहिल्या माहेरपणाहून परत येताना तिनं एका स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून दोन पानं आणली. यष्टीत शेजारच्या बाईनं “डब्यात काय आहे?” म्हणून विचारलं, तर आईनं “माणूस आहे” असं सांगितलं, अशी आमच्या घरातली कथा आहे. त्या दोन पानांतल्या एकाचं झाड झालं, ते हे.

२०१९ साली आई गेली. नंतर काही महिन्यांनी आम्ही पाणी शुद्ध करण्याचं यंत्र घेतलं. यंत्र आल्यावर रांजण अडगळ झाला. तो काढायचा निर्णय कुणाचा, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण फोडला मी, हे दोघांनाही मान्य आहे. मग मला झाडाची दया आली. इतकं गुणी झाड आणि आयुष्यभर मोरीशेजारी! मी त्याला उचलून गच्चीवर नेलं. भरपूर ऊन, भरपूर वारा, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दुकानदारानं दिलेलं दाणेदार खत. बँकेत एखाद्या गरीब शिपायाला एकदम मॅनेजरच्या खुर्चीत बसवावं, तशी मी त्याला बढती दिली. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मी पाणी वाढवलं. पंधरा दिवसांत बुंधा मऊ पडला. मी खत वाढवलं. महिन्याअखेर ताळेबंद केला तेव्हा शिल्लक निघाली एक पान.

हिनं त्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायला नको.

तेव्हा, वाचकहो, आयुष्यात पहिल्यांदा मी त्या झाडाचं नाव विचारायला बाहेर पडलो. जालना हे या बाबतीत फार सोयीचं गाव आहे. हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमच्याकडे शेजारीपाजारी कुणी ना कुणी बियाण्यातलं निघतंच. शिवाय मोसंबीचा जिल्हा. डोळा कसा भरायचा, कलम कुठं बांधायचं, हे इथं चहाच्या टपरीवर फुकट सांगतात. अशाच एका जाणकारानं माझ्या मोबाइलमधला जुना फोटो पाहून सांगितलं, “ही बिगोनिया. सावलीतली बाई आहे ती. हिला उन्हात कुणी ठेवलं?”

मी म्हटलं, “शेजाऱ्यानं.”

घरी येऊन मी बिगोनियावर जे मिळेल ते वाचत सुटलो. पश्चात्ताप झालेला कारकून हा अतिशय चिवट वाचक असतो. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की हा इतिहास वनस्पतींचा कमी आणि कचेरीचा जास्त आहे.

मिशेल बेगाँ नावाचा एक फ्रेंच माणूस. जन्म १६३८, गाव ब्लुआ. फ्रान्सच्या आरमाराच्या हिशेबखात्यात लागला. सुरुवात तुलाँ बंदराच्या खजिनदारीवर. मग बदली ब्रेस्तला. मग ल हाव्र. मग १६८२ साली थेट कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांचा दिवाण. तिथून मार्सेय, तिथून रोशफोर. ही यादी वाचताना मला आमच्या बँकेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याची सर्व्हिस-शीट वाचल्यासारखं वाटलं. फक्त बीड आणि परभणी यायचं राहिलं. बेगाँला पुस्तकं, नाणी आणि वाळवलेल्या वनस्पती जमवण्याचा नाद होता. हिशेबखात्यातल्या माणसाला असा काहीतरी नाद लागतोच. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजल्यावर संध्याकाळी स्वतःचं काही मोजावंसं वाटतं.

याच सुमारास मार्सेयचा एक साधू होता, शार्ल प्ल्युमिए. मिनिम पंथाचा संन्यासी. जन्म १६४६. लेथवर लाकडाचं कातकाम करण्यात इतका वाकबगार, की पुढे त्यानं त्या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. पण जीव खरा अडकलेला झाडांत. राजा चौदाव्या लुईला अमेरिकेच्या बेटांवरच्या वनस्पतींची माहिती हवी होती आणि ‘योग्य माणूस सुचवा’ असा कागद बेगाँकडे आला. बेगाँच्या शिफारशीनं प्ल्युमिए १६८९ साली जहाजात बसला. तो तीनदा जाऊन आला, हजारो चित्रं काढली, आणि नव्या सापडलेल्या झाडांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा एका नाजूक, तिरक्या पानांच्या, ओलाव्यात राहणाऱ्या झाडाला त्यानं आपल्या साहेबाचं नाव दिलं. बेगोनिया. आपल्याकडे येईपर्यंत तिची बिगोनिया झाली.

झाडांना माणसांची नावं देण्याची रीतच या साधूबाबांनी जोरात सुरू केली. फुक्सिया, लोबेलिया, मॅग्नोलिया ही सगळी त्यांची बारशी. त्यांच्या आधीही साहेबाला खूश करण्याचे मार्ग होते. दिवाळीत मिठाई होती, दौऱ्यावर आलेल्याला स्टेशनवर गाठणं होतं. पण मिठाई संपते आणि दौरा उरकतो. झाड मात्र दरवर्षी फुलतं, आणि फुललं की साहेबाचं नाव घेतं. तीनशे वर्षं लोटली. बेगाँच्या जमाखर्चाच्या वह्यांची आठवण कुणाला नाही, पण घराघरांतल्या कुंड्यांत त्याची सही आहे. मी हे आमच्या शाखेत सांगितलं तेव्हा शिपायासकट सर्वांनी एकमतानं साहेबांच्या नावे निवडुंग सुचवला.

पण थट्टेत एक गोष्ट राहून जायला नको. हा बेगाँ बेटांवर दिवाण असताना तिथल्या गुलामांविषयीचे कायदे ठरत होते. गव्हर्नर ब्लेनाक आणि बेगाँ यांनी पाठवलेल्या टिपणांचा आधार घेऊन १६८५ साली ‘कोड न्वार’, म्हणजे गुलामांचा काळा कायदा निघाला. पळून गेलेल्या माणसाचे कान कापावेत, हे त्यात कलमानिशी लिहिलेलं आहे. वाचलं त्या रात्री मला चमत्कारिक वाटलं. मीही टिपणं लिहितो. ‘सादर’, ‘मान्यतेस्तव’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’. नीटनेटक्या अक्षरातलं टिपण पुढे कुणाचा कान कापतं, हे लिहिणाऱ्याला टेबलावर बसून दिसत नाही; किंवा दिसत असलं तरी तो सही करतो. एवढ्या सौम्य फुलाला हे नाव पडलं आहे, हे आता मी विसरू शकत नाही.

प्ल्युमिए बिचारा पेरूला निघायच्या तयारीत असताना १७०४ साली स्पेनच्या किनाऱ्यावर वारला. त्यालाही त्याचं झाड मिळालं. आणि कोणतं? प्ल्युमेरिया, म्हणजे आपला चाफा! देवळाच्या आवारात उभा असतो तो पांढरा, पिवळ्या पोटाचा. मूळचा तोही अमेरिकेचा, पण आपण त्याला ‘देवचाफा’ करून टाकला. मार्सेयच्या संन्याशाचं झाड आमच्याकडच्या देवळात फुलं ढाळतं आणि पुजारी ती पिंडीवर वाहतो. संन्याशाला याहून चांगली जागा कोण देणार?

पुढे स्वीडनचा लिनियस आला. सगळ्या जगाच्या झाडांचं खतावणी-पुस्तक त्यानं १७५३ साली पूर्ण केलं. त्यात बिगोनियाच्या खात्यावर एकच नोंद होती, ‘बेगोनिया ऑब्लिका’. ऑब्लिका म्हणजे तिरकी. कारण बिगोनियाच्या पानाच्या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात. देठाच्या एका अंगाला पान मोठं, दुसऱ्या अंगाला लहान. ज्याचं आयुष्य डावी-उजवी बाजू जुळवण्यात गेलं, त्याला हे पान पाहून अस्वस्थ व्हायला होतं. त्या एका नोंदीची आज दोन हजारांवर गेली आहे. एवढ्या वेगानं वाढणारं दुसरं खातं मी आमच्या शाखेत पाहिलेलं नाही.

आणि या दोन हजारांतल्या काही आपल्या सह्याद्रीत आहेत! त्यांतल्या एकीचं नाव ‘बेगोनिया क्रेनाटा’. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या कातळावर, शेवाळलेल्या खोडांवर ती उगवते. इवलीशी, पाणीदार देठाची, पांढरट-गुलाबी फुलांची. तिला हे नाव दिलं योनास ड्र्यांडर नावाच्या स्वीडिश गृहस्थानं. १७९१ साली छापलेल्या निबंधात त्यानं तोवर माहीत असलेल्या सगळ्या बिगोनियांची मोजदाद केली. हा ड्र्यांडर व्यवसायानं ग्रंथपाल. नोकरी कुणाकडे? तर लंडनच्या सर जोसेफ बँक्सकडे. बँक्सकडे नोकरी, काम नोंदी ठेवण्याचं, स्वभाव काटेकोर. म्हणजे आमच्यातलाच की! आमच्या घाटातल्या फुलाचं बारसं करायला कारकूनच लागला, ही गोष्ट मी युनियनच्या सभेत मांडणार आहे.

हे वाचलं तेव्हा मला आईचं एक वाक्य आठवलं. “आमच्याकडे हिच्या बहिणी दगडावर येतात,” असं ती म्हणायची. मी ते माहेरच्या कौतुकात जमा केलं होतं. चिपळूणच्या हापूसला, चिपळूणच्या पावसाला आणि चिपळूणच्या दगडालाही आमच्या घरात मान होता. आई न शिकता वर्गीकरणशास्त्रात बरोबर होती आणि मी पदवी घेऊन तिचं झाड गच्चीवर तळलं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना काचघरांचं वेड लागलं आणि बिगोनियाचा भाव वधारला. आपल्या आसामातून १८५० च्या दशकात ऑर्किडांबरोबर एक बिगोनिया युरोपात पोचली. तिच्या पानांवर रुपेरी पट्टा होता. आली फुकट, बिनतिकीट. आणि १८५७ साली तिचं नामकरण झालं ‘रेक्स’, म्हणजे राजा! रिचर्ड पिअर्स नावाच्या इंग्रजानं एका रोपवाटिकेच्या नोकरीत बोलिव्हियाचे डोंगर पालथे घालून कंदाची बिगोनिया मिळवली. तिच्यापासून ताटाएवढ्या फुलांच्या जाती निघाल्या. पिअर्स १८६८ साली पनामात तापानं गेला. बेल्जियमनं तर या फुलाचा धंदाच केला. १९७१ साली ब्रुसेल्सच्या मोठ्या चौकात बिगोनियांचा गालिचा पहिल्यांदा अंथरला गेला. लाखो फुलं जमिनीवर! आमच्या गौरी-गणपतीतल्या रांगोळीवाल्या बायका हे बघून ‘बरं आहे’ म्हणाल्या असत्या.

साहेबाचं नाव फुलाला देण्याची युक्ती मात्र मेली नाही. १९८८ साली कामो मोतोतेरू या जपानी बागवानानं लाल रंगाची एक भव्य बिगोनिया तयार करून उत्तर कोरियाच्या किम जोंग-इल यांना सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला भेट दिली. नाव ‘किमजोंगइलिया’. वाढदिवस १६ फेब्रुवारीला आणि फूलही त्या सुमारास फुलतं म्हणतात. त्या देशात फुलण्याची हिंमत न करणारं झाड कोण असेल?

आता आमच्या झाडाकडे येतो. ते ना आसामचं, ना बोलिव्हियाचं, ना सह्याद्रीचं. मेक्सिकोकडच्या दोन जातींच्या संकरातून जर्मनीत १८४५ साली तयार झालेलं ते झाड. शास्त्रीय नाव ‘एरिथ्रोफायला’, म्हणजे लाल पानाची. रुपेरी पट्टे नाहीत, ताटाएवढी फुलं नाहीत. ते नर्सऱ्यांच्या जाहिरातींपेक्षा हातोहात जास्त फिरलं. एकीनं दुसरीला पान दिलं, दुसरीनं तिसरीला. चिपळूणला ते कुणी आणलं, आजीला कुणी दिलं, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. ज्यांनी नाव दिलं त्यांची नावं छापली गेली. ज्यांनी जगवलं त्या डबा आणि ओलं फडकं घेऊन यष्टीत बसल्या.

संकराच्या झाडाचं बी पेरलं तर येणारं रोप आईसारखं येईलच असं नाही, हे जालन्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यावर तर आमच्या गावाची बाजारपेठ उभी आहे. म्हणून अशी झाडं पानापासून किंवा खोडाच्या तुकड्यापासून करतात. आणि पानापासून झालेलं रोप हे झाडाचं मूल नव्हे. ते तेच झाड असतं. ही बाब मला जाणकारांनी तीनदा समजावली, कारण पहिल्या दोन वेळा मला खरी वाटली नाही. म्हणजे १८४५ साली जर्मनीत जे एक रोप उगवलं, तेच तुकड्या-तुकड्यानं आजवर जगत आलं आहे. आणि आईनं डब्यातून आणलं, तेही तेच. माझ्या हातात उरलेल्या पानात तिच्या हातचं झाड जसंच्या तसं होतं. ते गेलं असतं, तर दुसरीकडून तसलंच आणता आलं असतं. पण ते तिच्या हातचं नसतं. हा फरक वनस्पतिशास्त्रात बसत नाही. घरात बसतो.

पान रुजवण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं तशी जाणती आहोत. आपली पानफुटी आहेच. वहीत दाबून ठेवली तरी कडेला रोपं फुटतात. शाळेत आम्ही तिच्यावर पैजा लावायचो. मूळची ती मादागास्करची. जर्मन महाकवी गटे तिच्या इतका नादी लागला होता, की मित्रमैत्रिणींना पानं भेट पाठवायचा. बिगोनिया मात्र पानफुटीइतकी उतावीळ नाही. तिला मनवावं लागतं.

कृती सांगतो, कारण मला ती तीन जणांकडून गोळा करावी लागली. निरोगी पान दोन बोटं देठासकट, धारदार पात्यानं कापायचं. धुतलेली वाळू आणि नारळाचा भुसा निम्मा-निम्मा घ्यायचा. तो ओला करून मुठीत दाबला तर पाणी टपकता कामा नये. देठ तिरपा खोचायचा, पान मातीला टेकू द्यायचं नाही. वर काचेची बरणी उपडी घालायची आणि रोज थोडा वेळ उचलून हवा द्यायची, नाहीतर बुरशी येते. उजेड हवा, ऊन नको. खत तर मुळीच नको. आणि सगळ्यात कठीण कलम शेवटी: काही करायचं नाही. रोज उपटून ‘मुळं आली का’ हे बघायचं नाही. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यावर जसे आपण शांत बसतो, तसं बसायचं.

मी पान दोन भागांत कापून दोन पेले करावेत, असं जाणकार म्हणत होते. एक गेलं तर एक राहील. जोखीम विभागावी, हे मी रोज काउंटरवर लोकांना सांगतो. पण आईच्या शेवटच्या पानावर पातं चालवायला माझा हात होईना. शेवटी देठ कापण्याचं काम हिनं केलं. लोणच्याच्या बरणीखाली पान गेलं आणि आमच्या घरात लोणचं पातेल्यात आलं.

तीन आठवडे काहीही झालं नाही. पान तसंच, ना वाढ ना घट. नुसती मुदत ठेव. पाचव्या आठवड्यात मुलगी ओरडली, “बाबा, खाली काहीतरी आहे!” देठाच्या बुडाशी मुगाच्या डाळीएवढं, दुमडलेलं, लालसर पान वर आलं होतं. मग दुसरं. मग तिसरं. तीन महिन्यांत त्या एका देठाखाली पाच रोपं मोजली. मुद्दल एक, व्याज पाच. आमच्या बँकेच्या कुठल्याही योजनेत हा दर नाही, आणि असता तर मी नोकरीत राहिलो नसतो.

एक प्रश्न उरला होता. इतकी वर्षं, ४२ अंशांच्या उन्हाळ्यात, २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही टँकरच्या मागे धावत होतो तेव्हासुद्धा ही सावलीतली, ओलाव्यातली बाई जालन्यात जगली कशी? आईकडे ना काचघर, ना काचेची बरणी. उत्तर माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हिशेब लिहीत होतो आणि पेन खाली ठेवला. रांजण. मातीचा रांजण पाझरतो. पाझरलेलं पाणी उडतं, भोवतीची हवा गार आणि ओली राहते. आईनं डबा रांजणाला टेकवून ठेवला होता तो जागा नव्हती म्हणून नव्हे. चार वीत जागेत तिनं स्वतःसाठी थोडंसं चिपळूण करून ठेवलं होतं. आम्ही सगळे त्यातून तांब्या बुडवून पाणी पीत होतो आणि ते फोडताना मी विचारलंसुद्धा नाही.

ही म्हणाली, “मग आणा की दुसरा.”

कुंभाराकडे गेलो. चांगला पाझरणारा, जाड बुडाचा रांजण मागितला. त्यानं माझ्या पँटकडे, चष्म्याकडे आणि खिशातल्या पेनाकडे पाहून विचारलं, “साहेब, घरी फिल्टर नाही का?”

“आहे,” म्हटलं, “पण घरातल्या एका बाईला ते पाणी चालत नाही.”

त्यानं समजल्यासारखी मान हलवली. “म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं,” म्हणाला आणि दहा रुपये कमी केले.

आता रांजण कोपऱ्यात आहे. तुपाचा डबा मिळाला नाही म्हणून रंगाच्या डब्याला भोकं पाडली आहेत. पाचांतली दोन रोपं तिथं आहेत. एक मावशीकडे चिपळूणला परत गेलं, स्टीलच्या डब्यातून, ओल्या फडक्यात. एक शेजारणीनं नेलं. पाचव्या रोपाला मुलीनं आइस्क्रीमच्या काडीवर नाव लिहून लावलं आणि मी ते शाखेत साहेबांच्या केबिनमध्ये ठेवलं. काडीवर ‘कोपऱ्यातली’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना साहेबांनी ते खिडकीत, भर उन्हात ठेवून घेतलं. मी दोनदा सुचवलं. ते म्हणाले, “अहो, फुलझाड आहे, ऊन नको का?”

मी काही बोललो नाही. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर गेले की मी कुंडी कपाटाच्या आडोशाला सरकवतो आणि ते यायच्या आत परत खिडकीत ठेवतो. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. फक्त आमचा शिपाई परवा म्हणाला, “साहेबांच्या नावे निवडुंगच बरा होता.”